पुडी सुटली, मग गोळी का सुटत नाही?

वाचकाचं पत्र

डॉक्टरताई, नमस्कार.

आमचं गाव आर्वी तालुक्यात आहे. कोरडवाहू शेती, कपाशी आणि तूर. माझे सासरे ६४ वर्षांचे आहेत. गुडघे दुखतात म्हणून ते मंगळवारच्या बाजारातल्या एका माणसाकडून वाताची पुडी घ्यायचे. दोन वर्षं तरी रोज घेतली असेल. गुडघे एकदम मोकळे झाले, भूक वाढली, चेहरा भरला. शेजारपाजारचे म्हणायचे, 'बुढ्याची तब्येत सुधरली नं बाप्पा!' मग मी मोबाईलवर एक व्हिडिओ पाहिला, की अशा पुड्यांत स्टेरॉईड असतं आणि ते विष आहे. मी घरातल्या सगळ्या पुड्या चुलीत टाकल्या. आठवड्याभरात मामाजींनी अंथरूण धरलं. जेवण जाईना, उलट्या सुरू झाल्या, उठून बसले की डोळ्यांपुढे अंधारी. आमचे हे म्हणाले, फवारणीचं औषध लागलं असेल. सेवाग्रामला नेलं तेव्हा शुगर ५२ होती आणि बीपी वरचं ८०. सलाईन आणि एक इंजेक्शन दिलं, तर संध्याकाळी उठून चहा मागितला. डॉक्टर म्हणाले, किडनीवरच्या ग्रंथी झोपल्या आहेत. आता रोज हायड्रोकॉर्टिसोनची गोळी आहे, सकाळी १० मिलिग्रॅम, दुपारी ५.

आता घरात रोज वाद. सासूबाई म्हणतात, सुनेनं औषध जाळलं म्हणून हे झालं. हे म्हणतात, जे विष म्हणून जाळलं तेच दवाखान्यातून परत आणायचं का? नणंदेच्या गावात एका बाईंना टीबीनंतर याच ग्रंथींचा आजार झाला. त्या काळ्या पडत गेल्या, त्यांना मीठ जास्त खायला सांगितलंय. मामाजींनाही द्यायचं का? त्यांना बीपीची गोळी आधीपासून आहे. श्रावण सोमवार धरू का, असं ते विचारतात. आणि माझं स्वतःचं एक: मला सारखं टेन्शन असतं, झोप लागत नाही. मोबाईलवर कॉर्टिसॉल कमी करायची पावडर दाखवतात, ती मागवू का? या ग्रंथी करतात तरी काय, ते एकदा नीट सांगा.

एक सून, जि. वर्धा

उत्तर

ताई, मामाजींची गोळी बंद करायची नाही. आज नाही, उद्या नाही, 'आता बरं वाटतंय' म्हणून नाही, आणि लग्नात भेटलेल्या एखाद्या पाव्हण्यानं 'सोडून द्या' म्हटलं म्हणून तर मुळीच नाही. एवढं आधी घरात मोठ्यानं वाचून दाखवा. बाकीचं जेवणं झाल्यावर सावकाश वाचा.

दोन्ही मूत्रपिंडांच्या वरच्या टोकाला एकेक ग्रंथी असते. डॉक्टर तिला ॲड्रिनल म्हणतात, शाळेच्या पुस्तकात अधिवृक्क. एकेकीचं वजन चार-पाच ग्रॅम. जागा किडनीवर असली तरी ती किडनीचा भाग नाही, त्यामुळे मामाजींची क्रिएटिनिनची तपासणी उत्तम आली म्हणून ग्रंथी ठीक आहे असं होत नाही. हे सांगायचं कारण म्हणजे 'किडनी चांगली आहे, मग गोळी कशाला' हा प्रश्न तुमच्या घरात अजून आला नसेल तर येईलच.

तिचे दोन भाग असतात, आतला गाभा आणि बाहेरची साल. गाभ्यात ॲड्रिनॅलिन तयार होतं. जागलीला गेलेल्या माणसाला रात्री तुरीत रानडुकराची खसफस ऐकू आली की मज्जातंतू थेट या गाभ्याला निरोप देतात आणि काही सेकंदांत ॲड्रिनॅलिन रक्तात उतरतं. छाती धडधडते, श्वासनलिका रुंदावतात, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, यकृतातली साखर रक्तात येते, पचन थांबतं, तोंड कोरडं पडतं. काठी घेऊन धावायचं की मचाणावर चढायचं, दोन्हीची तयारी झालेली असते. डुक्कर निघून गेलं की काही मिनिटांत ते रक्तातून ओसरतं, हातापायाचा कापरा तेवढा थोडा वेळ राहतो. लोकांना या ग्रंथीचं हेच एक संप्रेरक, म्हणजे हार्मोन, माहीत असतं. पण गाभा ऑपरेशननं काढून टाकला तरी माणूस जगतो, कारण मज्जातंतू बरंचसं काम परस्पर निभावून नेतात. साल गेली आणि औषध दिलं नाही, तर जगत नाही.

मामाजींचं दुखणं सालीचं. तिच्यात तीन थर असतात. सगळ्यात बाहेरचा थर अल्डोस्टेरॉन बनवतो. ते मूत्रपिंडाला सांगतं की मीठ धर आणि पोटॅशियम सोड. मिठामागं पाणी थांबतं, त्यानं बीपी टिकतं. सगळ्यात आतल्या थरातून पुरुषी संप्रेरकांचा कच्चा माल निघतो. बायकांच्या काखेतल्या केसांमागे तोच असतो. मामाजींच्या वयात त्याची चिंता नको. मधला थर सगळ्यात जाड, आणि तिथं बनतं कॉर्टिसॉल. तुमच्या घरातला सगळा वाद याच एका संप्रेरकावर आहे.

कॉर्टिसॉल पहाटेपासून चढायला लागतं, माणूस उठतो त्या सुमाराला सगळ्यात जास्त असतं आणि मध्यरात्रीच्या आसपास तळाला जातं. म्हणून मामाजींची सकाळची गोळी मोठी आणि दुपारची लहान. रात्री काही नाही. सकाळची विसरली तर 'रात्री दोन्ही देऊन टाकू' असं करू नका, आठवेल तेव्हा लगेच द्या. आता हे कॉर्टिसॉल करतं काय? रात्री आठला जेवण झालं, सकाळी सहाला चहा. मधले दहा तास पोटात काही नाही, मेंदूला मात्र साखर लागतेच. यकृताकडून ती तयार करून घेण्यात कॉर्टिसॉलचा मोठा हात असतो. शिवाय रक्तवाहिन्या आवळून धरणारं ॲड्रिनॅलिन आणि त्याचा भाऊ नॉरॲड्रिनॅलिन, दोघंही कॉर्टिसॉल नसेल तर नीट लागू पडत नाहीत. शरीरात कुठं सूज आली, जंतूंशी लढाई लागली, तर ती हाताबाहेर जाऊ न देणं हेही त्याचंच काम. ताप, अपघात, ऑपरेशन, जुलाब-उलट्या अशा वेळी निरोगी शरीर रोजच्यापेक्षा कितीतरी पट कॉर्टिसॉल सोडतं.

हे वाचून तुमच्या पत्राकडे परत पाहा. शुगर ५२, बीपी ८०, उलट्या, उभं राहिलं की अंधारी. एकही गोष्ट सुटी नाही. सगळं कॉर्टिसॉलच्या दुष्काळाचं चित्र आहे, आणि म्हणूनच इंजेक्शन गेल्यावर त्यांनी संध्याकाळी चहा मागितला. फवारणीची शंका घेतली ती मात्र चूक म्हणता येणार नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली, तेव्हापासून आपल्याकडे हंगामात उलटी झाली की पहिला विचार तोच येतो, आणि यावा. फक्त डॉक्टरला दोन्ही सांगायचं: फवारणी केली का, आणि कुठली पुडी-गोळी अलीकडे बंद झाली का. दुसरा प्रश्न बहुतेक वेळा कोणी विचारत नाही आणि घरचे आपणहून सांगत नाहीत.

आता ग्रंथी झोपली म्हणजे काय झालं? मेंदूच्या तळाशी पिच्युटरी नावाची ग्रंथी आहे. रक्तातलं कॉर्टिसॉल कमी दिसलं की ती एसीटीएच हे संप्रेरक सोडते, त्यानं ॲड्रिनलची साल कामाला लागते. रक्तात पुरेसं दिसलं की पिच्युटरी गप्प बसते. पुडीतलं स्टेरॉईड कॉर्टिसॉलसारखंच दिसतं. रोज टँकर येऊ लागला की गावच्या विहिरीचा गाळ कोणी उपसत नाही, आणि दोन वर्षांनी टँकर अचानक बंद झाला तर विहिरीत चिखल असतो. पिच्युटरीनं दोन वर्षं हुकूम दिला नाही, त्यामुळे ॲड्रिनलची साल अक्षरशः पातळ झाली. तीन-चार आठवड्यांहून जास्त रोज स्टेरॉईड घेतलं तर हे होऊ शकतं. इथं दोन वर्षं.

पुडीत नक्की किती होतं, ते आता कळणार नाही. पण एक हिशोब सांगते. माणसाच्या ग्रंथी दिवसभरात सुमारे १० ते १५ मिलिग्रॅम कॉर्टिसॉल बनवतात. डेक्सामेथासोन नावाच्या स्टेरॉईडचं अर्धं मिलिग्रॅम साधारण तेवढ्याच ताकदीचं असतं, आणि त्याचा असर दीड-दोन दिवस टिकतो. म्हणजे चिमूटभर भुकटीत एवढंसं मिसळलं, तरी पिच्युटरीला रात्रीसुद्धा उसंत मिळत नाही. पुडी बांधणारा काही तराजू लावून बसत नाही. एका पुडीत कमी, दुसरीत चौपट.

तुमच्या यजमानांचा प्रश्न मला खरोखर आवडला. जे जाळलं तेच परत का आणायचं? कारण पुडीत गरजेपेक्षा जास्त, बिनमापाचं, गुडघ्यासाठी दिलेलं स्टेरॉईड होतं. हायड्रोकॉर्टिसोन म्हणजे मामाजींच्या स्वतःच्या ग्रंथीत बनतं तेच कॉर्टिसॉल, कारखान्यात बनवलेलं, आणि १५ मिलिग्रॅम म्हणजे शरीराची रोजची गरज, त्याहून जास्त नाही. त्यानं चेहरा फुगणार नाही, शुगर वाढणार नाही. थायरॉईडची गोळी घेणाऱ्या बाईला आपण 'विष घेते' म्हणत नाही, तसंच इथं म्हणायचं कारण नाही.

स्टेरॉईडवरचा राग मात्र समजण्यासारखा आहे. १९४८ साली अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवातानं जखडलेल्या एका तरुण बाईला कॉर्टिसोनचं इंजेक्शन दिलं. काही दिवसांत ती स्वतःच्या पायांनी फिरायला लागली. १९५० साली हेंच, केंडॉल आणि राइशस्टाइन यांना नोबेल मिळालं. त्यानंतर थोड्याच काळात दिसायला लागलं की मोठ्या डोसनं चेहरा गोल होतो, हाडं ठिसूळ होतात, साखर वाढते. बाजारातला माणूस त्यातले पहिले काही दिवस विकतो. पुढची वर्षं तुमच्या घरात राहतात.

'तब्येत सुधरली' हे त्याच पुढच्या वर्षांचं चिन्ह होतं. गाल भरतात, पोट सुटतं, मानेच्या मागे चरबीचा गोळा येतो, पण हातपाय बारीक होत जातात. मामाजींना उकिडवं बसलं की हात टेकल्याशिवाय उठता येत होतं का, आठवून पाहा. हाताची कातडी कागदासारखी पातळ होऊन बैलाचा कासरा नुसता घासला तरी काळेनिळे डाग पडत होते का? हे होत असेल तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना सांगा. हाडं, डोळ्यांतला मोतीबिंदू आणि शुगर एकदा तपासून घ्यायला हवं. आणि जास्तीच्या स्टेरॉईडमुळे दबलेला टीबी वर येऊ शकतो, म्हणून खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला तर थुंकी तपासायला द्या.

सासूबाईंशी मी तुमच्या बाजूनं बोलणार आहे. सूनबाईंनी पुडी ओळखली म्हणून ती सुटली. अजून दोन वर्षं चालली असती तर मणका मोडून किंवा शुगरनं बेजार होऊन सासरे दवाखान्यात गेले असते. स्टेरॉईड एकदम थांबवायचं नसतं, हे व्हिडिओ करणाऱ्यानं सांगायला हवं होतं, आणि त्याआधी पुडी बांधणाऱ्यानं तिच्यात काय आहे ते. चुलीपाशी उभ्या असलेल्या बाईला ते कुठून कळणार? घरात बोट दाखवायचंच असेल तर ते बाजाराच्या दिशेनं दाखवा.

नणंदेच्या गावातल्या बाईंचा आजार वेगळा, नाव मात्र जवळचं. त्यांची ग्रंथीच टीबीनं पोखरली. लंडनच्या थॉमस ॲडिसन यांनी १८५५ साली हाच आजार लिहून ठेवला आणि आजही तो त्यांच्या नावानं ओळखतात. जगात इतरत्र शरीराच्या स्वतःच्याच प्रतिकारशक्तीनं ग्रंथी नासणं हे त्याचं मोठं कारण आहे, आपल्याकडे टीबी अजून यादीत वर आहे. ग्रंथी नासली की तिन्ही थर जातात, अल्डोस्टेरॉनही. शरीरात मीठ टिकत नाही, पोटॅशियम साठतं. म्हणून त्यांना मीठ जास्त आणि बहुधा अल्डोस्टेरॉनचं काम करणारी फ्लुड्रोकॉर्टिसोनची वेगळी गोळी. मीठ नुसतं चाटत बसावंसं वाटणं हीसुद्धा या आजाराची एक खूण आहे. काळेपणा येतो तो असा: कॉर्टिसॉल मिळत नाही म्हणून पिच्युटरी एसीटीएचचा मारा करते आणि त्यानं कातडीतला रंग वाढतो. उन्हानं माणूस काळवंडतो तो चेहऱ्यावर आणि मानेवर. यात तळहाताच्या रेषा, बोटांची पेरं, हिरड्या, जुन्या जखमांचे व्रण, जिथं ऊन पोचत नाही तिथंही काळं होतं. त्या बाईंची टीबीची औषधं अजून चालू असतील तर त्यातल्या रिफॅम्पिसिनमुळे कॉर्टिसॉलची गोळी लवकर मोडते आणि डोस वाढवावा लागतो. त्यांना हे विचारायला सांगा. आणि मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो, घामातून मीठ जातं, तेव्हा त्यांना वावरात पाठवू नका.

मामाजींचं उलट आहे. त्यांच्या पिच्युटरीनं हुकूम देणं थांबवलं, म्हणून ते काळे पडणार नाहीत. अल्डोस्टेरॉन मुख्यतः मूत्रपिंडातून येणाऱ्या रेनिन नावाच्या रसायनाच्या आणि रक्तातल्या पोटॅशियमच्या इशाऱ्यावर चालतं, पिच्युटरीच्या नाही. तो थर त्यांचा जागाच आहे. म्हणून जास्तीचं मीठ नको. ठेचा-भाकरीत जे असतं ते पुरे, लोणच्याचा वेगळा डोस नको.

बीपीच्या गोळीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण तोच कळीचा प्रश्न आहे. त्यांचं बीपी पुडीमुळे वाढलेलं असू शकतं. आता पुडी नाही, तर तीच गोळी जड पडेल. उपकेंद्रात जाऊन मामाजींना पाच मिनिटं आडवं झोपवून बीपी घ्यायला सांगा, मग उभं करून एका मिनिटानं आणि तिसऱ्या मिनिटाला पुन्हा. वरचा आकडा २० किंवा जास्त उतरला, की तो कागद घेऊन डॉक्टरांकडे. तिथं बीपीची गोळी आणि हायड्रोकॉर्टिसोन दोन्हींचा हिशोब नव्यानं होईल.

आता सगळ्यात कठीण भाग. पुढचे काही महिने मामाजींचं अंग दुखणार आहे. गुडघे दुखतील, त्याहून जास्त सगळे सांधे आणि स्नायू ठणकतील, थकवा राहील, मन उदास होईल. दोन वर्षं जास्तीच्या स्टेरॉईडवर राहिलेलं शरीर नेहमीच्या डोसवर येताना असं कुरकुरतं. नेमकं याच वेळी कोणीतरी म्हणेल, 'काहून त्रास काढता, एक पुडी घ्या अन् मोकळे व्हा.' मामाजी गुपचूप घेतीलही, मी त्यांना दोष देणार नाही, दुखणं त्यांचं आहे. पण घेतली तर दवाखान्यात सांगा. कारण सकाळी आठच्या सुमाराला रक्तातलं कॉर्टिसॉल मोजून ग्रंथी जागी झाली का ते ठरवतात, आणि पुडी चालू असेल तर ते खालीच दिसत राहतं. सगळं बरोबर चाललं आणि आकडा दर डेसिलिटरला १० मायक्रोग्रॅमच्या वर स्थिर आला, तर डॉक्टर गोळी थांबवण्याचा विचार करतात, आकडा थोडा कमी पडला तर काही वेळा इंजेक्शन देऊन दुसरी चाचणी करतात. तपासणीच्या आधी आदल्या दिवसाची दुपारची आणि त्या सकाळची गोळी कधी द्यायची, हे त्यांच्याकडून लिहूनच घ्या. यात सहा महिने जातात, वर्ष जातं, कधी त्याहून जास्त. थोड्या लोकांची ग्रंथी परत येतच नाही. आजच्या घडीला मामाजींचं काय होईल ते कोणीच सांगू शकणार नाही, म्हणून तारीख मागू नका.

गुडघ्यांसाठी हाडांच्या डॉक्टरांकडून दोन गोष्टी ठरवून घ्या: ही झीज आहे की खरा संधिवात. झीज असेल तर मांडीचा पुढचा स्नायू बळकट करायचे व्यायाम, उकिडवं बसणं कमी, हातात काठी, दुखलं तर पॅरासिटामॉल. खरा संधिवात असेल तर त्याची वेगळी औषधं आहेत आणि ती आठवड्यांनी लागू पडतात, पुडीसारखी संध्याकाळपर्यंत नाही.

आजारपणाचा नियम सगळ्यांना पाठ हवा. मामाजींच्या ग्रंथी तापात जास्तीचं कॉर्टिसॉल सोडू शकत नाहीत, ते आपण गोळीनं द्यायचं. साधारण रीत अशी की ताप १०० च्या वर गेला तर दिवसाचा डोस दुप्पट, १०२ च्या वर गेला तर तिप्पट, आणि ताप उतरल्यावर एक-दोन दिवसांत परत नेहमीचा. तुमच्या डॉक्टरांकडून हे आकडे मामाजींच्या कागदावर लिहून घ्या. गोळी घेतल्यावर अर्ध्या तासात उलटी झाली तर पुन्हा एकदा द्या. तीही पडली, किंवा जुलाब थांबेनात, किंवा माणूस गुंगीत गेला, तर गोळीचा विषय संपला. लगेच १०८ ला फोन. हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅमचं इंजेक्शन हवं. ते दम्याच्या झटक्यालाही वापरतात, त्यामुळे प्राथमिक आरोग्य केंद्रात सहसा असतं. तरी एकदा आत्ताच जाऊन विचारून या, रात्री बारा वाजता विचारण्यापेक्षा. दात काढणं, मोतीबिंदूचं ऑपरेशन, कसलीही सुई-टाके, आधी सांगायचं.

एक चिठ्ठी करा. मामाजींच्या बंडीच्या खिशात, प्लास्टिकच्या पाकिटात, आधार कार्डाच्या झेरॉक्ससोबत. तिच्यावर मोठ्या अक्षरात लिहा: 'मी रोज हायड्रोकॉर्टिसोन घेतो. माझ्या ॲड्रिनल ग्रंथी काम करत नाहीत. उलट्या, बेशुद्धी, अपघात किंवा ऑपरेशन असेल तर लगेच हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅमचं इंजेक्शन आणि सलाईन द्या.' खाली तुमचा मोबाईल नंबर. इंग्रजीत डॉक्टरांकडून लिहून घ्या, दोन्ही बाजूंना. शेगावला दर्शनाला जातील तेव्हा खिशात दोन-चार दिवसांच्या जास्तीच्या गोळ्या असू द्या. एसटी बंद पडते, मुक्काम वाढतो.

श्रावण सोमवार या वर्षी नको, असं माझं मत. रात्रभर उपाशी राहून शुगर सांभाळणारं कॉर्टिसॉलच त्यांच्याकडे गोळीपुरतं आहे. अगदी मन राहत नसेल तर डॉक्टरांना विचारून फराळाचा करा. शेंगदाणे, केळी, साबुदाणा, दूध, दर तीन-चार तासांनी काहीतरी. निर्जळी नाही. गोळी दोन्ही वेळा घ्यायचीच. गोळीनं उपास मोडतो असं मामाजी म्हणाले तर गावातल्या महाराजांकडून त्यांना सांगवा, तुमचं किंवा माझं ते ऐकणार नाहीत.

आता तुमचं. पावडर मागवू नका. अशा पावडरी विकणारे 'ॲड्रिनल थकल्या' म्हणतात, पण त्या नावाचा आजार वैद्यकशास्त्रात मान्य नाही. ताणात कॉर्टिसॉल वाढतं हे खरं, पण ते वाढायलाच असतं, आणि पावडरनं ते मोजून-मापून उतरतं याला पुरावा नाही. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या अशा 'ॲड्रिनल'च्या गोळ्या तपासल्या तेव्हा त्यांत न लिहिलेली थायरॉईडची आणि स्टेरॉईडची संप्रेरकं सापडली होती. म्हणजे बाजारातली पुडी चुलीत टाकून कुरिअरची पुडी घरात घ्यायची. कॉर्टिसॉल खरोखर जास्त होण्याचा आजार आहे, कुशिंगचा. त्यात पोटावर जांभळे रुंद पट्टे येतात, बीपी आणि शुगर चढतात. तुमच्या पत्रात तसं काही नाही. तुम्हाला हिमोग्लोबिन आणि थायरॉईडची साधी तपासणी हवी आहे, आणि घरातला आरोप डोक्यावरून उतरायला हवा आहे. झोप तीन आठवडे अशीच गेली, रडू येत राहिलं, तर १४४१६ हा टेलि-मानसचा सरकारी नंबर आहे. फुकट आहे, मराठीत बोलतात. वावरात निंदणाला गेल्यावर एकटीनं लावला तरी चालतो.

एक काम मात्र तुमच्याकडून हवंय. त्या बाजारात पुडी घेणारे मामाजी एकटे नसणार. पावसाळ्यात रस्ता बंद झाला, तो माणूस दोन मंगळवार आला नाही, की गावातले आणखी चार-पाच जण असेच अंथरूण धरतील आणि कोणी फवारणी म्हणेल, कोणी ऊन. आशाताईंना हे पत्र दाखवा. ज्यांच्याकडे पुडी आहे त्यांना फेकून द्या म्हणू नका, पुडी हातात घेऊन आरोग्य केंद्रात जा म्हणा. तिथं बीपी आणि शुगर बघून डॉक्टर ठरवतील, हळूहळू कशी सोडवायची. आणि एक पुडी कागदात बांधून, तारीख आणि बाजाराचं नाव लिहून, वर्ध्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात तक्रारीसोबत द्यायला यजमानांना पाठवा. त्यांना प्रश्न विचारायची सवय आहेच.